यादीतले नाव खासगी कसे?

सरकारी कागदात माणसाचे नाव आले, की तो कागद त्या माणसाचा खासगी झाला, असे आता आपल्याला शिकवले जात आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्याच वेळी माहितीच्या अधिकारातले कलम ८(१)(ञ), कचेरीत ज्याला सगळे ‘आठ एक जे’ म्हणतात, ते बदललेल्या रूपात लागू झाले. पूर्वी या कलमाखाली माहिती नाकारायची तर अधिकाऱ्याला दाखवावे लागे, की मागितलेल्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होईल. तळाशी आणखी एक तरतूद होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. ते सगळे गेले. उरले एवढेच, की माहिती ‘वैयक्तिक’ असली तर ती देणे बंधनकारक नाही.

या बदलाची बाजू घेणारे सगळेच लबाड नाहीत. त्यांचे म्हणणे असे: २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, मग सरकारने लोकांची माहिती वाटेल त्याच्या हातात का द्यावी? माहिती अधिकाराचे अर्ज टाकून पैसे उकळणाऱ्यांचा सुळसुळाट झालाच आहे, त्यांना वेसण नको का? आणि खरोखर सार्वजनिक हिताची माहिती असेल तर कलम ८(२) आहेच की, त्याखाली ती देता येते. दिल्लीच्या चर्चासत्रात हे ऐकायला बरे वाटते. ते पवनानगरला आणून तपासू.

मावळातले पवनानगर म्हणजे जुन्या माणसांची काले कॉलनी. पवना धरण १९७२ साली पूर्ण झाले. आज त्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड जगते. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांचे आकडे वर्षानुवर्षे निवेदनांतून आणि मंत्रालयातल्या बैठकांतून फिरत आहेत: बाधित खातेदार १२०३, त्यांपैकी ३४० जणांना जमीन मिळाली, ८६३ बाकी. पन्नास वर्षे उलटून गेली. मूळ खातेदार बहुतेक गेले, त्यांची मुले म्हातारी झाली, आता नातू कागद शोधत फिरतात.

आता मला सांगा, या आकड्यांत लोकांना काय हवे आहे? आकडा तर सगळ्यांना पाठ आहे. हवे आहे ते हे, की ते ३४० कोण? त्यांना कुठल्या गावात, कुठल्या गटात, किती जमीन मिळाली? मिळाली ती त्यांच्याच ताब्यात आहे की मधल्या मध्ये दुसऱ्याच्या नावावर गेली? ८६३ पैकी माझा आजा कितवा? पुनर्वसनाची यादी म्हणजे काय असते, तर अनुक्रमांक, खातेदाराचे नाव, गाव, संपादित क्षेत्र, निवाड्याचा क्रमांक, दिलेल्या जमिनीचा गट नंबर आणि क्षेत्र. दुसऱ्या रकान्यावर पट्टी ठेवा आणि यादी वाचून बघा. हेक्टर-आर उरतात, माणसे जातात. अशी यादी मिळाली काय आणि नाही मिळाली काय. एकाच घरातल्या दोघांना जमीन मिळाली आणि शेजारच्या घराला काहीच नाही, धरणाशी ज्याचा काही संबंध नाही असा माणूस धरणग्रस्त म्हणून लाभ घेऊन गेला, या गोष्टी कळतात त्या नावानेच. खेड्यात भ्रष्टाचाराला आडनाव असते, गाव असते, आणि ते गावातल्याच माणसाला वाचता येते. लेखापरीक्षकाला ती यादी निर्दोष दिसेल, चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्याला पाचव्या ओळीतच खोट सापडेल.

यावर केंद्र सरकारचे उत्तर तयार आहे. एप्रिल २०२५ मध्ये माहिती तंत्रज्ञानमंत्री अश्विनी वैष्णव यांनी काँग्रेसचे जयराम रमेश यांना कळवले, की ज्या वैयक्तिक तपशिलांची प्रसिद्धी वेगवेगळ्या कायद्यांनी बंधनकारक केली आहे, ते यापुढेही उघडच राहतील. मनरेगाचा दाखलाही त्यांनी दिला. उत्तर चतुर आहे, कारण त्यातला सगळा भार ‘कायद्यांनी बंधनकारक’ या दोन शब्दांवर आहे. मग पवनेच्या यादीचे काय? महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा. धरण १९७२ चे. म्हणजे ही माणसे उठली तेव्हा त्यांच्या पाठीशी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. त्यांच्या हाती जे काही आहे ते निवाडे, याद्या, शासन निर्णय आणि बैठकांची इतिवृत्ते. ज्यांना कायद्याने सर्वांत कमी दिले त्यांना कागदाची सर्वांत जास्त गरज, आणि मंत्र्यांच्या आश्वासनाचे छत्र नेमके त्यांच्याच डोक्यावर येत नाही. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये अनुदाने आणि सवलती कुणाला दिल्या ते आपणहून प्रसिद्ध करण्याचे बंधन आहे, हे मला ठाऊक आहे. पण जमिनीची यादी त्यात बसते की नाही, यावर तालुक्यातला माहिती अधिकारी नव्या कलमाच्या विरोधात जाऊन आपल्या अंगावर काही ओढवून घेईल, असे मानायला मी तयार नाही. नकार दिल्याबद्दल त्याला लगेच कुणी विचारत नाही. माहिती दिली तर मात्र विचारणारे वर बसलेले असतात.

खासगीपणाचा एवढा कळवळा आहे तर सातबाराचे काय करायचे, हेही सांगा. महाभूलेखवर गाव आणि गट नंबर टाकला, की मावळातल्या कुठल्याही शेतकऱ्याचा सातबारा मुंबईत बसलेल्या दलालाला मोबाइलवर दिसतो. खातेदाराचे नाव, क्षेत्र, आकार, आणि इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा. कोण कर्जात आहे आणि कुणाला जमीन विकायची घाई असेल, ते त्या एका रकान्यावरून ताडता येते. पवनेच्या काठाला जमिनीला सोन्याचा भाव आला, तंबू आणि बंगले उभे राहिले, तेव्हा हा रकाना किती जणांनी चाळला असेल! शेतकऱ्याचे कर्ज जगाला उघडे पडले तेव्हा कुणाला पुट्टास्वामी आठवला नाही. सातबारा उघडा असावा असेच माझे मत आहे, जमिनीच्या व्यवहारात त्याच्यामुळे फसवणूक टळते. पण मग शेतकऱ्याची जमीन उघडी आणि सरकारने वाटलेली जमीन झाकलेली, हा कुठला न्याय?

माहितीचा हक्क या देशात आला तोच मुळी नावे वाचून. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या, तेव्हा गावकऱ्यांसमोर सरकारी कामांचे हजेरीपट मोठ्याने वाचले जात. नाव पुकारले, की तो माणूस उठून सांगायचा, मी त्या कामावर गेलोच नव्हतो, पैसे मिळायचे दूरच. आपल्याकडे अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केले आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा अंमलात आला, केंद्राच्या कायद्याच्या दोन वर्षे आधी. राजस्थानातल्या त्या हजेरीपटांतली नावे आजच्या कलमाने झाकली असती तर त्या सभेत उठून उभे कोण राहिले असते?

खासगीपणा हा हक्क खरा आहे. तो नागरिकाला सरकारपासून संरक्षण देण्यासाठी आहे. आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल नंबर, आजार, घरातल्या लेकीसुनांची माहिती, ही झाकायलाच हवी. त्यासाठी कलम १० पहिल्यापासून आहे: देण्याजोगा भाग द्यायचा, बाकीच्यावर काळी पट्टी मारायची. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये डेटा संरक्षणाचा मसुदा दिला, त्यातही ‘आठ एक जे’ बदलायचे सुचवले होते. पण तिथे माहिती दिल्याने होणारे नुकसान आणि तिच्यातले जनहित यांची तुलना करण्याची अट होती. सरकारने बदलाची कल्पना उचलली आणि अट टाकून दिली. राहता राहिले ८(२). त्याखाली प्राधिकरण माहिती ‘देऊ शकते’. जनहित जड आहे की नाही ते ठरवणार तेच प्राधिकरण, ज्याचा कागद मागितला आहे. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराची चौकशी आणि मालमत्ता यांची माहिती वैयक्तिक ठरवली, तेव्हापासूनच कचेऱ्या त्या निकालाचा आधार घेऊन नकार देत होत्या. जुने, अटींचे कलम असताना ही गत. आता अटी नसताना काय होईल त्याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

खंडणीवाल्यांचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो खोटा नाही. अर्ज टाकायचा, बिल्डरला किंवा ग्रामसेवकाला गाठायचे, आणि ‘समजूत’ पटली की अर्ज मागे घ्यायचा, असे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. पण हा धंदा चालतो कशावर? कागद लपलेला आहे यावर. बांधकाम परवानग्या, बिनशेतीचे आदेश, ठेकेदारांची देयके कलम ४ प्रमाणे कचेरीच्या भिंतीवर आणि संकेतस्थळावर आपणहून लावली, तर तोच कागद विकत कोण घेईल? खंडणीखोराचे भांडवल म्हणजे सरकारची लपवाछपवी. ती तशीच ठेवून अर्जदारालाच दाबायचे म्हणजे साप सोडून भुई धोपटणे. शिवाय खंडणी देणारा कशासाठी देतो, हा प्रश्न या चर्चेत कधी कुणी विचारत नाही.

आणि ज्यांनी पैसे घेतले नाहीत त्यांचे काय झाले, हे मावळला कुणी शिकवायला नको. सतीश शेट्टी तळेगाव दाभाड्याचे. एक्स्प्रेसवेच्या कडेचे जमिनीचे व्यवहार त्यांनी खरेदीखते, सातबारे, फेरफार असे सरकारी कागद मागवून उघडकीला आणले. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांचा खून झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला, आणि इतक्या वर्षांत शिक्षा कुणालाही झालेली नाही. त्यांच्या हातात असलेल्या प्रत्येक कागदावर कुणाचे तरी नाव होते. नवे कलम तेव्हा असते तर त्यांना मारण्याची गरजच पडली नसती, ‘वैयक्तिक माहिती’ एवढा शेरा पुरला असता.

आता वरच्या मजल्यावर जाऊ. खाली तलाठी जे करतो त्याचे धडे तिथे दिले जातात. २००२ च्या गुजरात दंगलींच्या वेळी राष्ट्रपती के. आर. नारायणन आणि पंतप्रधान वाजपेयी यांच्यात पत्रव्यवहार झाला. एका नागरिकाने तो मागितला. केंद्रीय माहिती आयोगाने २००६ मध्ये तो तपासणीसाठी आपल्यापुढे ठेवायला सांगितला, सरकार न्यायालयात गेले, आणि जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. राष्ट्रपती आणि मंत्रिमंडळ यांच्यातला सल्ला घटनेच्या कलम ७४(२) ने सुरक्षित आहे, असा आधार. पत्र लिहिणारे गेले, ज्यांना लिहिले तेही गेले. त्या दिवसांत देशाचा पहिला नागरिक काय म्हणत होता, ते देशाला अजून अधिकृतपणे ठाऊक नाही.

या गुप्ततेच्या बचावात नेहमी एकच गोष्ट सांगतात: उघडे होईल या भीतीने माणसे मोकळेपणाने लिहिणार नाहीत. १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात सरकारने हेच सांगितले होते. न्यायमूर्ती भगवती यांनी ते मानले नाही, आणि न्यायाधीशांच्या नेमणुकीबाबत कायदामंत्री व सरन्यायाधीश यांच्यात झालेला पत्रव्यवहार न्यायालयात उघड झाला. त्यामुळे टिपण्या लिहिणे बंद पडल्याचे ऐकिवात नाही. उलट अनुभव असा, की आपली टिपणी पुढे कुणी वाचणार आहे हे माहीत असले, की अधिकारी निदान कारण तरी लिहितो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाचे कागद पूर्वी त्याची खासगी मालमत्ता मानले जात. निक्सनने आपल्या ध्वनिफितींवर हक्क सांगितल्यावर तिथल्या काँग्रेसला जाग आली, आणि १९७८ च्या कायद्याने पुढच्या अध्यक्षांचे कागद राष्ट्राचे झाले. बारा वर्षांपर्यंतच्या मुदतीची बंधने ठेवली, पण मालकी कुणाची याबद्दल संशय ठेवला नाही. आपल्याकडे १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, महाराष्ट्राचा २००५ चा आहे, तरी मंत्र्याची फाइल मंत्र्याची आणि साहेबांचे टेबल साहेबांचे, ही समजूत जाता जात नाही.

कागद वेळेवर बाहेर आला तर काय होते, तेही पुण्याने पाहिले आहे. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या निवृत्तीनंतरच्या निवासासाठी खडकीत लष्कराच्या जागेवर बंगल्याचे काम निघाले. तपशील पुढे आले, माजी सैनिकांनी आवाज उठवला, आणि एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी ती जागा नको म्हणून कळवले. त्यांच्या परदेश दौऱ्यांवर २०५ कोटी रुपये खर्च झाला, हेही माहिती अधिकारातूनच कळले. राष्ट्रपतिपदाची त्यात काही हानी झाली नाही. प्रश्न विचारता येतो आणि उत्तर द्यावे लागते, हे मात्र दिसले.

जुने कागद लोकांच्या हाती देण्याचे भय आपल्याकडे कुठून आले, त्याचा माग पुण्यातच लागतो. पेशवे दप्तर हे खरे तर आपले सगळ्यात मोठे राज्यकर्त्यांचे दप्तर. रुमालांत बांधलेले कोट्यवधी मोडी कागद. इंग्रजांनी इनाम कमिशन बसवले तेव्हा हे दप्तर फार उपयोगी पडले: इनामदाराने सनद दाखवावी, नाही दाखवली तर जमीन खालसा. रयतेचा कागद तपासायला सरकारचे दार सताड उघडे, पण तोच रुमाल पाहायला इतिहाससंशोधक आला की दार बंद. राजवाड्यांसारख्या माणसाला आयुष्यभर गावोगावची घरे धुंडाळत कागद जमवावे लागले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हाती दप्तर आले ते राज्य जाऊन शंभरावर वर्षे झाल्यावर, आणि १९३० ते १९३४ या काळात त्यांनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्याने साम्राज्य कोसळले नाही. काही घराण्यांच्या बढाया तेवढ्या उघड्या पडल्या. आजही धरणग्रस्ताच्या वारसाला सांगतात, आजोबा खातेदार असल्याचा पुरावा आण. तो पुरावा म्हणजे निवाड्याची प्रत, आणि प्रत आहे सांगणाऱ्याच्याच कपाटात.

किंवा नाही. गुपिताचा सर्वांत सोयीचा प्रकार कायद्यात लिहिलेलाच नाही. ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ एवढे एक वाक्य, खाली जावक क्रमांक, सही आणि गोल शिक्का. उन्हाळ्यात पाणी उतरले की पवनेच्या पोटातले वाघेश्वराचे देऊळ दिसू लागते, पण त्याच पाण्याखाली गेलेल्या शिवाराचा कागद कोरड्या कपाटात सापडत नाही. मुंबईत काय वेगळे? ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटीच्या फाइलमधली पाने २०१० मध्ये गहाळ झाली, २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागून पाच माणसे गेली आणि फाइलींची राख झाली. आगीचे समजू शकतो. पण न जळता, न भिजता जे नाहीसे होते त्याचा जाब कुणी द्यायचा? महाराष्ट्राच्या २००५ च्या अभिलेख कायद्यात अनधिकृतपणे कागद नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले, की एकदा कार्यालयात असलेली माहिती नुसते ‘सापडत नाही’ म्हणून नाकारता येणार नाही, शोध घ्यावा लागेल आणि जबाबदारी ठरवावी लागेल. अभिलेख कायद्यातल्या त्या कैदेच्या तरतुदीखाली किती अभिलेखपालांवर गुन्हे नोंदले, हा अर्ज कुणीतरी टाकून बघायला हरकत नाही.

माझ्या विरोधकांनी दुरुस्ती करताना एक कलम तसेच राहू दिले आहे, आणि पवनानगरच्या माणसाने ते पाठ करावे. कलम ८(३). अर्जाच्या तारखेच्या वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीची माहिती द्यावीच लागते. त्याला अपवाद तीनच, (क), (ग) आणि (झ): देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार, मंत्रिमंडळाची कागदपत्रे. त्यात (ञ) नाही. पवनेचे भूसंपादन, निवाडे, १९७२ च्या आगेमागे उठवलेल्या खातेदारांच्या याद्या, सुरुवातीला ज्यांना जमीन मिळाली त्यांची नावे, यांतल्या कशालाही वैयक्तिक माहितीचे कलम लागू पडत नाही. वाद होईल तो अलीकडच्या वाटपावर, आणि तो व्हायलाच हवा.

म्हणून अर्ज दोन करा. वीस वर्षांपूर्वीच्या कागदांचा वेगळा, त्यानंतरच्यांचा वेगळा, म्हणजे एकाचे कारण दुसऱ्याला चिकटवता येणार नाही. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, तेव्हा इतिहास लिहीत बसू नका. गावाचे नाव, निवाड्याचे साल, ‘यादीची साक्षांकित प्रत, नावांसह’, आणि पहिल्या अर्जाच्या पहिल्याच ओळीत ८(३). माहिती कशाला हवी हे सांगू नका, कलम ६(२) प्रमाणे ते विचारताच येत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा शिक्क्याचे ते वाक्य आले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. तेही फेटाळले तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोग. तिथे २०२४ मध्ये एक लाखाहून जास्त अपिले आणि तक्रारी पडून होत्या, म्हणजे तारीख लवकर लागणार नाही. पोच मात्र जपून ठेवा, आणि तिच्या दोन झेरॉक्स काढून एक भावकीत दुसऱ्याच्या घरी ठेवायला द्या.